टाकीचं झाकण

त्या थंडीत माझं सकाळचं पहिलं काम म्हणजे ट्रकच्या डिझेलच्या टाकीचं झाकण धरून उभं राहणं. चहा त्यानंतर.

झाकणाला पूर्वी साखळी होती, ती केव्हातरी तुटली. झाकण खाली ठेवलं तर त्याला खडीची भुकटी लागायची आणि ती टाकीत जायची. म्हणून ते कुणीतरी हातात धरायला हवं, आणि ते कुणीतरी घरातलंच असावं, असा बाबांचा नियम होता. झाकण हे निमित्त. डिझेल ओतलं जात असताना घरातलं माणूस समोर हवं, हा खरा मुद्दा. घरात माणसं दोनच, बाबा आणि मी, आणि त्या वेळी बाबा पूजेला बसलेले असत.

आमचा एकच ट्रक होता. तारापूरला समुद्राकाठी वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. पालघरच्या पलीकडच्या खाणीतून खडी भरायची आणि तिथे नेऊन टाकायची, एवढंच त्या ट्रकचं काम. घर बोईसर स्टेशनपासून थोडं बाहेर, तारापूरच्या रस्त्याला होतं. आजूबाजूला भात कापून झालेली खाचरं, ताडाची झाडं, आणि समोरून दिवसभर जाणारे खडीचे, सिमेंटचे, लोखंडाचे ट्रक.

आई गेल्यावर बाबांनी मला मुंबईच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात ठेवलं होतं. शाळा संपली आणि मी परत आले. इथल्या माझ्या वयाच्या मुली एकतर लग्न होऊन गेल्या होत्या किंवा सकाळपासून कामाला जुंपलेल्या असत. विहिरीवर भेटल्या की बोलायच्या. मी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची आणि त्या हसायच्या. वाईट हसायच्या नाहीत, पण मी हळूहळू विहिरीवर जायची वेळ बदलली. बाबा दिवसभर बाहेर असत आणि घरी आले की दमलेले असत. काही दिवस असे जात की संध्याकाळी बाबांनी हाक मारली आणि मी ओ दिली, तर मला स्वतःचा आवाज ऐकून जरा नवल वाटे.

बाबांना डिझेलच्या चोरीची भीती होती. आधीचा ड्रायव्हर टाकीतलं डिझेल रस्त्यात विकताना पकडला गेला होता. त्यानंतर बाबांनी पद्धत ठरवली. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की टाकीत उरलेलं डिझेल रबरी नळीने काढून शेडमधल्या पिंपात घालायचं. शेडला कुलूप, किल्ली माझ्याकडे. सकाळी मी शेड उघडायची, ड्रायव्हरने डब्याने डिझेल परत टाकीत ओतायचं, मी झाकण धरायचं. रात्रभर टाकी रिकामी, म्हणजे चोरायला काही नाही. आसपासच्या दुसऱ्या मालकांनीही ही पद्धत उचलली होती, असं बाबा थोड्या अभिमानाने सांगत.

नवे ड्रायव्हर वाणगावकडचे. पन्नाशीला आलेले, बारीक, गळ्याला मफलर गुंडाळलेले. पहिल्या आगगाडीने ते बोईसरला उतरत आणि स्टेशनवरून चालत येत. त्यांना काय म्हणायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. शेजारची मुलं त्यांना मामा म्हणत. शाळेत आम्ही सगळ्यांनाच अंकल म्हणायचो, पण इथे ते चेष्टेचं झालं असतं. म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. ते मला बेबी म्हणत, कारण बाबा म्हणत.

डबा वाकडा करून ते सावकाश डिझेल ओतत आणि ओतता ओतता मला रस्त्यावरची एक हकीकत सांगत. एकच. डबा संपला की हकीकत संपली. माझ्याकडे न बघता, जणू टाकीलाच सांगतायत असं सांगत.

"काल तारापूरला एक गोरा साहेब शहाळा प्यायला बसला. तोंडात कमी, शर्टावर जास्ती. त्याची मडम रुमाल काय देत नाय, नुसती हसत बसलेली."

किंवा, "पालघरच्या फाटकात काल नवरा-नवरीची बैलगाडी अडकलेली. मालगाडी काय संपतच नाय. नवरा झोपून गेला."

मी हसले की ते म्हणत, "झाकण नीट धरा बेबी, वारा हाय."

ती हकीकत मी दिवसभर पुरवून वापरायची. त्या मडमेचं घर कसं असेल, नवरीने नवऱ्याला उठवलं असेल की नाही. आता हे लिहिताना वाटतं, की त्या दिवसांत माझ्याशी रोज, न चुकता बोलणारं माणूस तेवढं एकच होतं. तेव्हा असं काही वाटलं नव्हतं. मी फक्त वेळेआधी उठून तयार असायची.

झाकण हाताला गार लागायचं आणि ओलसर. उघडून झालं की मी तळवा पदराला पुसायची. पदर नवाच होता मला, त्याचा एवढा उपयोग होई.

दंव पडायला लागलं आणि गाडी बिघडायला लागली. अंगणातून नीट निघायची. थोडं पुढे गेली की खोकायची, धक्के द्यायची आणि गप्प व्हायची. ड्रायव्हर उतरून डिझेलच्या नळीचा नट सैल करत, हाताने पंप मारून आतली हवा काढत, पुन्हा चालू करत. कधी व्हायची, कधी नाही. एक खेप कमी व्हायला लागली. बांधकामावरचे लोक उशीर झाला की दुसऱ्याचा ट्रक आत घेत.

स्टेशनजवळ एक मिस्त्री होता, उत्तरेकडचा. हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून तो येई. त्याच्या मते सगळा दोष थंडीचा. तो आणि आमचे ड्रायव्हर अंगणात भांडायचे, ते मी आतून ऐकायची.

"हमारे उधर जाड़े में डीझल घी के माफिक जम जाता है," मिस्त्री म्हणायचा. "चम्मच से निकालो."

"मग लाव रोटीला आणि खा."

"मजाक मत कर. ठंड है, ठंड."

"तुझ्या मुलखातली थंडी तुझ्याजवळ ठेव. हितं ह्या थंडीत बाया पापड वाळवतात."

पण मिस्त्री ऐकायचा नाही. काठीला चिंधी गुंडाळून ती रॉकेलमध्ये बुडवायचा, पेटवायचा आणि तो काकडा इंजिनाखाली, नळीखाली फिरवायचा. काळा धूर स्वयंपाकघरात यायचा. त्यानंतर कधीकधी गाडी खरोखर चालू व्हायची, त्यामुळे तो खरा ठरायचा. ड्रायव्हर मान हलवत चढायचे आणि जायचे.

एके दिवशी बाबा म्हणाले, "उद्या तू चल तारापूरला. तिथला साहेब दक्षिणेकडचा आहे. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. त्याला इंग्रजीत सांग, की गाडी आता वेळेवर येईल."

सकाळी मी नेहमीप्रमाणे झाकण धरलं, मग साडी बदलली आणि घरी थांबले. खाणीतून खडी भरून ट्रक परत आला तेव्हा बाबा आणि मी केबिनमध्ये चढलो. बाबा मध्ये, मी खिडकीशी. बाबांसमोर ड्रायव्हर काही बोलत नसत. मी मनात ते इंग्रजी वाक्य जुळवत होते. शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी आणि कामाला येणार होतं ते एक वाक्य, त्यात आधी माफी मागायची की नंतर, एवढंच ठरत नव्हतं.

ते वाक्य मी कधी बोललेच नाही. खाडीच्या मोरीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि उभी राहिली.

ड्रायव्हरने उतरून चाकांना दगड लावले आणि मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकल्या, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबून कळावं. हवा काढून पाहिली, पंप मारून पाहिला. काही झालं नाही. एका सायकलवाल्याबरोबर निरोप पाठवला आणि बऱ्याच वेळाने मिस्त्री आला. तोवर आणखी दोन ट्रक येऊन थांबले होते. त्या रस्त्याची रीतच तशी. उभा ट्रक दिसला की दुसरा थांबणार, ड्रायव्हर उतरणार, विडी पेटवणार आणि आपलं मत देणार.

ऊन चढलं होतं. घाम पुसत काकडा पेटवणं मिस्त्रीलाही पटलं नसावं. त्याने फिल्टरखालची काचेची वाटी काढून उजेडात धरली. तळाशी स्वच्छ पाणी होतं आणि त्यावर डिझेल तरंगत होतं. मग त्याने टाकीच्या तळाचा बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं. बराच वेळ पाणीच आलं. मग डिझेल.

"सेठ, ठंड नहीं है," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "पानी है."

बाबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"टाकीत पाणी कुठून आलं?"

"मला काय ठाव, शेठ."

"ओततं कोण रोज?"

"मीच ओततो. बेबी समोर असते."

"ती घरी असते. रस्त्यात कोण असतं?"

थांबलेल्या ट्रकवाल्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "वाणगावला गाय ठेवलीय काय मामा? दुधात घालायची सवय डिझेलला लागली."

"गाय नाय," ड्रायव्हर म्हणाले. "बकरी हाय."

ते त्यांनी खरंच उत्तर म्हणून दिलं होतं. त्यामुळे सगळे जास्तच हसले. मिस्त्रीसुद्धा हसला.

बाबा हसले नाहीत. डिझेल काढून विकायचं आणि मोजमाप भरून निघावं म्हणून पाणी घालायचं, हा प्रकार त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होता. बाबा आजवर त्यांना तुम्ही म्हणत आले होते. आता म्हणाले, "संध्याकाळी गाडी लाव. उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येत," ड्रायव्हर म्हणाले. त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "पण शेठ, हे सगले ऐकतायत. उद्या पालघरपासून डहाणूपर्यंत बोलतील. मग मला गाडी कोण देईल? चोर नाय एवढं म्हणा, आणि लगेच जातो."

बाबांनी मान फिरवली.

मी केबिनच्या पायरीवर बसले होते. मिस्त्रीने वाटीतलं पाणी रस्त्यावर झटकलं, त्याचे थेंब माझ्या हातावर उडाले. मी सवयीने तळवा पदराला पुसला आणि तिथेच थांबले. हीच हालचाल मी रोज सकाळी करत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला रोज पाणी असायचं. डिझेलचा वास त्याला नसायचा. बाहेरून दंवाने भिजलं असतं तर वेगळं. हे आतून होतं. आणि बिघाड सुरू झाला तो दंव पडायला लागल्यावर.

गरम भातावर झाकण ठेवलं की त्याला आतून पाणी सुटतं, तसंच काहीतरी. दिवसभर तापलेली टाकी संध्याकाळी रिकामी व्हायची, आत समुद्रावरची दमट हवा भरायची आणि पहाटे पत्रा गार पडला की आतून पाझरायचा. ते पाणी तळाला बसायचं. रबरी नळी तळापर्यंत पोचत नसे, त्यामुळे डिझेल निघायचं आणि पाणी राहायचं. रोज थोडं थोडं.

तिथे मी काही बोलले नाही. सगळ्यांदेखत बाबांची पद्धत चुकली असं म्हणणं शक्य नव्हतं, आणि कुणी ऐकलंही नसतं. गाडी चालू झाली, खडी पोचली. साहेब जागेवर नव्हते.

घरी आल्यावर बाबा उशिराचं जेवायला बसले. मी वाढत होते.

"बाबा, झाकण रोज ओलं असतं."

"दंव पडतं. ओलं होणारच."

"आतून ओलं असतं."

त्यांचा घास हातातच राहिला.

"आज टाकी रिकामी करायला नको," मी म्हटलं. "काठोकाठ भरून ठेवूया."

"आणि सकाळी सापडेल?"

"मी ओट्यावर झोपते."

"थंडीत?"

"हो."

त्यांनी ताक मागितलं, प्यायले, हात धुतला. मग आत जाता जाता म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच असते."

ड्रायव्हर बाहेर नळी घेऊन उभे होते. शेवटचं डिझेल काढून, ट्रकची किल्ली देऊन ते परतीची आगगाडी पकडणार होते. मी शेड उघडली आणि म्हटलं, "काढायचं नाही. भरायचं आहे. गळ्यापर्यंत."

"शेठना विचारलं?"

"विचारलं."

"सकाळी कमी भरलं तर माझ्याच नावावर जाईल, बेबी."

"सकाळी तुम्ही या. झाकण तुमच्यासमोर उघडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही दोघं टाकीकडे बघूनच बोललो होतो. मग त्यांनी डबा उचलला. त्या संध्याकाळी त्यांनी हकीकत सांगितली नाही. पिंपाकडून टाकीकडे आणि टाकीकडून पिंपाकडे त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा होत होता.

सकाळी बाबा पूजेला बसले नाहीत. सदरा न घालता, अंगावर धाबळी घेऊन अंगणात आले. ड्रायव्हर पहिल्या गाडीने आले होते आणि फाटकाशी थांबले होते. बोलावल्याशिवाय आत येणार नव्हते. मी हात केला, तेव्हा आले.

ट्रक बाहेरून दंवाने चिंब होता. काचेवरून ओघळ येत होते. मी झाकण फिरवून काढलं. डिझेल जिथवर भरलं होतं तिथेच होतं. मी झाकण उलटं करून बाबांपुढे धरलं.

त्यांनी आतून अंगठा फिरवला. मग अंगठ्याकडे बघत राहिले.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

"आज टाकी भरलेली होती," मी म्हटलं. "रोज रिकामी असते."

यापुढे काही सांगावं लागलं नाही. टाकी रोज रिकामी का असते हे बाबांपेक्षा जास्त कुणाला माहीत होतं? त्यांनी धाबळी नीट ओढून घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "निघा. खाणीवर गर्दी व्हायच्या आत पोचाल."

'निघा' म्हणाले. ड्रायव्हर चढले.

गाडी त्या दिवशी थांबली नाही. त्यानंतरही नाही. रोज संध्याकाळी टाकी भरायची आणि सकाळी वरचं डबाभर तेवढं घालायचं, असा नवा नियम आपोआप झाला. बाबांनी एकदा शेडची किल्ली ड्रायव्हरपुढे धरली आणि म्हणाले, "ही आता तुमच्याजवळ ठेवा." त्यांनी ती घेतली नाही. "बेबीकडेच बरी," म्हणाले. मला ते आवडलं. किल्ली माझ्याकडे म्हणजे सकाळी मी असणार, झाकण धरणार, हकीकत ऐकणार. त्या दिवसांत मी अगदी निर्धास्त होते. पुढे असंच चालू राहील असं धरून चालले होते.

संक्रांत झाली. एका सकाळी, टाकीत वरचं थोडं डिझेल घालताना ते सांगायला लागले.

"काल शेठ चहाच्या टपरीवर आले. स्टेशनाजवळच्या. कधी येत नाय. सगले बसलेले, त्या दिवसचा तो गायवाला पण होता. शेठ बसले नाय. उभ्यानंच बोलले, टाकीत पाणी माझ्यामुलं झालं, मीच रातभर रिकामी ठेवायचो, ह्यांचा काय संबंध नाय. मग गायवाल्याला चहा पाजला."

मी झाकण दुसऱ्या हातात घेतलं. बाबांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं. रात्री ते नेहमीसारखे जेवले होते.

"तो पितच नव्हता," ड्रायव्हर म्हणाले. "लाजला."

आम्ही दोघं हसलो. डबा संपला होता. पण ते डबा खाली ठेवून उभे राहिले.

"मी आता जातो, बेबी. वाणगावला गवताची गाडी हाय एका शेठची. घराजवळ हाय, बायको पण आजारी असते."

"पण आता तर सगळं..." मी म्हटलं.

"आता म्हणूनच. आधी गेलो असतो तर पळाला म्हणले असते."

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांच्यावर चोरीचा डाग राहू नये म्हणूनच मी ओट्यावर झोपले होते. मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून घट्ट बसवलं, वरून एकदा थोपटलं, आणि खाणीकडे शेवटची खेप करायला गेले. मी त्यांना मामा म्हणावं असं तेव्हा मनात आलं, पण गाडी फाटकाबाहेर वळली होती.

कधीकधी गवताने भरलेले ट्रक समोरून जातात. गवत इतकं उंच आणि बाहेर आलेलं असतं की केबिन झाकून जाते. आत कोण बसलंय ते ओट्यावरून कळत नाही.

आताचा ड्रायव्हर तरुण आहे, कामाचा आहे आणि वेळेवर येतो. टाकी आता संध्याकाळीच पुरती भरतात, सकाळी ओतायचं काही राहत नाही, त्यामुळे सकाळी कुणी समोर असण्याची गरज उरलेली नाही. आल्या आल्या त्याने झाकणाला नवी साखळी लावून घेतली. पहाटे तो डिझेल कुठवर आहे ते बघायला झाकण उघडतो, तेव्हा ती साखळी टाकीवर वाजते. तो आवाज मला आत ऐकू येतो.

मी उठते आणि आधी चहा घेते.